एकेचाळीस नंबरची खुर्ची

आमच्या वन्संच्या लक्षात माणसांचे शब्द राहत, माणसं राहत नसत. वरच्या मजल्यावरची बाई तीन वर्षांपूर्वी जिन्यातल्या दिव्यावरून आमच्याशी भांडायला आली होती. ती काय काय बोलली ते वन्सं आजही जसंच्या तसं म्हणून दाखवतील, पण तीच बाई जिन्यात समोर आली तर मला हळूच विचारतील, "अगं, ही कोण?"

हा विसराळूपणा नव्हता, नोकरीने लावलेली सवय होती. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या आणि आमच्या प्रांताच्या विधानसभेत सव्वीस वर्षं शॉर्टहँड घेतलं. सभागृहात जे बोललं जाईल ते शब्द न शब्द उतरवायचं. अध्यक्षांच्या उंच टेबलाखाली एक छोटं टेबल होतं. तिथे सहा जणांनी पाळीपाळीने बसायचं, दहा मिनिटं लिहायचं आणि उरलेल्या वेळात खालच्या खोलीत जाऊन आपली दहा मिनिटं टायपिस्टला वाचून दाखवायची. दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नसत, कारण इतक्या वर्षांत प्रत्येकाच्या रेघोट्या आपापल्या परीने बिघडलेल्या. "माझं अक्षर मला आणि देवाला," असं वन्सं म्हणत, "आणि देवाचंही सांगता येत नाही."

त्या दहा मिनिटांत मान वर करायची नाही. मान वर केली की वाक्य गेलं. मग कोण बोलतंय ते कसं कळणार? तर खुर्चीवरून. प्रत्येक सभासदाच्या पुढ्यातल्या टेबलावर पितळेचा आकडा ठोकलेला होता. आवाज आला त्या बाजूला भुवईखालून नजर टाकायची, कुठल्या टेबलामागे कोणी उभं आहे ते पाहायचं आणि समासात आकडा लिहायचा. माणूस बघायला वेळ नसे आणि गरजही नसे. खाली वाचून दाखवताना वन्सं आकडा सांगत आणि टायपिस्ट भिंतीवरच्या तक्त्यातून नाव घालत असे. सव्वीस वर्षांत त्यात चूक झाली नाही. आमचे सभासद पक्ष सोडतात, खुर्ची सोडत नाहीत, असा वन्संचा एक विनोद होता. तो त्या वर्षातून एकदा करत.

पुढे जे झालं ते या आकड्यांमुळे झालं, म्हणून एवढं सांगितलं.

आमच्या प्रांताने संघराज्यातून वेगळं व्हावं ही मागणी माझ्या लग्नाआधीपासूनची. आमच्या खाणींचं उत्पन्न केंद्र घेऊन जातं आणि बदल्यात आम्हाला भाषणं पाठवतं, हे मी सासरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. तेव्हा तो गप्पांचा विषय होता. मग सभा सुरू झाल्या, भिंती रंगल्या, दुकानदार दोन दोन झेंडे फळीखाली ठेवू लागले. त्यानंतर लोक गप्पा मारेनासे झाले. भाजी घेताना मागे कोण उभं आहे ते बघून मग भाव विचारायचा, अशी वेळ आली. एकदा दोन तरुण दारात आले आणि अगदी नम्रपणे विचारून गेले, "या घरात आपले कोण आणि केंद्राचे कोण?" मी म्हटलं, "दोन्ही आहेत, आणि दोघंही जेवायला एकाच टेबलावर बसतात." खोटं नव्हतं ते. माझा नवरा पोस्टात, म्हणजे केंद्राचा नोकर. वन्सं विधानसभेत, म्हणजे प्रांताच्या. ते दोघं तरुण हसले, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या रात्री आम्ही तिघांनी रेडिओसुद्धा लावला नाही.

ठरावाच्या दिवशी सभागृहाचे दरवाजे आतून बंद केले होते. प्रेक्षकांची गॅलरी रिकामी केली, बातमीदारांना बाहेर काढलं. आत फक्त सभासद, अध्यक्ष आणि खालच्या टेबलावरची पाळी. मतदान गुप्त, चिठ्ठ्यांनी झालं. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. कोणी कुठे मत टाकलं ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. ठरावाच्या कागदावर फक्त दोनच माणसं होती: एक ठराव मांडणारा, दुसरा अनुमोदन देणारा. अनुमोदनाची वेळ आली तेव्हा पाळी वन्संची होती.

वन्सं चारला घरी आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायला विसरल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"झालं," त्या म्हणाल्या. एवढंच.

पाचव्या दिवशी सैन्य आलं. पुलावरून गाड्या येत होत्या, एकामागून एक, त्यांचा आवाज स्वयंपाकघरातल्या भांड्यांत उतरत होता. विधानसभेला कुलूप लागलं. ठराव मांडणारे पुढारी सीमा ओलांडून पलीकडे गेले. आठवड्याने केंद्राच्या वर्तमानपत्रात त्या दिवसाचं कामकाज छापून आलं. अनुमोदक म्हणून एकेचाळीस नंबरच्या खुर्चीचं नाव होतं.

एकेचाळीस म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले.

आमचा विश्वासच बसेना. सत्तरीचा गृहस्थ. गल्लीतल्या प्रत्येक पोराचा ताप त्यांनी आईच्या आधी ओळखलेला, म्हणून लोकांनी निवडून दिलं. नऊ वर्षांत सभागृहात तीनदा बोलले, तिन्ही वेळा गटारांवर. "त्यांनी माझी एक पेन्सिलसुद्धा झिजवली नाही," असं वन्सं म्हणत. आणि या माणसाने उठून देश मोडायला अनुमोदन दिलं? माझा नवरा म्हणाला, "शांत माणसांचं काही सांगता येत नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही जपून राहा." तेव्हा हसलो आम्ही. ते शेवटचं हसणं, नंतर बरेच दिवस जमलं नाही.

त्यांना नेलं तेव्हा मी दुकानातच होते. खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते. साध्या कपड्यातले दोघे आत आले आणि काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभे राहिले. औषधवाले माझ्या बाटलीवर चिकटपट्टी लावत होते. म्हणाले, "एवढं बाईंचं देऊन टाकतो." पट्टी सरळ लावली, दिवसातून तीन वेळा घ्यायचं ते सांगितलं, डोळ्यांवरचा चष्मा काढून डबीत ठेवला आणि त्यांच्याबरोबर गेले. मी बाटली धरून तशीच उभी. शेजारच्या चांभाराने आपल्या दुकानाचं दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला. मीही वळले आणि घरी आले, कुणाला काही न विचारता. हे सांगायला मला आवडत नाही, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी आमच्याकडे आली. चाळिशीची, दुकानाचा हिशोब तीच बघायची. दारातच म्हणाली, "मावशी आहेत?" वन्संना सगळी गल्ली मावशी म्हणते.

वन्सं बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी सांगितलं, "औषधवाल्यांची मुलगी."

"मावशी, मला एकच सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी बाबा त्यांच्या जागेवर होते?"

"म्हणजे?"

"बाबा म्हणतात ते बसलेच नव्हते तिथे. खिडक्यांच्या काचा दगडांनी फुटल्या होत्या ना? चव्वेचाळीस नंबरवाल्यांच्या अंगावर वारा यायचा. ते आत सरकले, त्यांच्या शेजारचे आत सरकले. बाबांनी आपली जागा दिली आणि मागे दरवाज्यापाशी जाऊन बसले. त्यांना दर अर्ध्या तासाला उठावं लागतं, तुम्हाला माहीतच आहे. ते म्हणतात, मला तर बरंच झालं, रांगेतून कुणाचे पाय तुडवत जायला नको. हे ते तिथेही सांगतायत. पण छापलंय वेगळं, आणि बाकीचे सभासद कोणी तोंड उघडत नाहीत."

वन्संनी मुलीला पाणी दिलं, जिन्यापर्यंत सोडून आल्या. मग आतून ती वही आणली. सैन्य आलं त्या धांदलीत ती विधानसभेत जमा करायची राहून गेली होती, त्यांच्या पिशवीतच होती. जेवणाच्या टेबलावर वही उघडून त्या बोट फिरवू लागल्या. एका पानावर बोट थांबलं. पुन्हा वरून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबलं.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या. "अनुमोदनाच्या तीन मिनिटं आधी बेचाळीस बोललेत. आणि काय बोललेत ते ऐक. माझ्या दुधाच्या अकरा गाड्या सकाळपासून पुलावर उभ्या आहेत, दूध नासतंय."

"हे तर डेअरीवाले."

"डेअरीवाल्यांची खुर्ची त्रेचाळीस."

मला कळायला वेळ लागला. वन्संना लागला नाही. रांग एका खुर्चीने आत सरकली होती. त्रेचाळीसवाले बेचाळीसवर बसले होते. मग एकेचाळीसवर बसून अनुमोदन देणारा माणूस बेचाळीस नंबरचा. टायपिस्टने तक्त्यातून नावं घातली, सरकारने ती छापली. दुधाच्या गाड्या बेचाळीसवाल्यांच्या नावावर गेल्या, ते कुणी वाचलंसुद्धा नाही. सगळे अनुमोदकच शोधत होते.

बेचाळीस म्हणजे वकीलसाहेब. आणि वकीलसाहेब आता प्रांताचा कारभार बघायला केंद्राने नेमलेल्या सल्लागार मंडळात होते. कालपर्यंत वेगळं व्हायचं म्हणून गळा काढणारा माणूस सैन्य आल्याच्या तिसऱ्या दिवशी रेडिओवर ऐक्याचं महत्त्व सांगत होता.

मी म्हटलं, "वन्सं, ही वही जाळून टाकू या."

"आणि औषधवाले?"

मी उठून इस्त्रीचं टेबल उघडलं.

वही मी इस्त्रीच्या टेबलावरच्या जाड आवरणाखाली सरकवली. त्या आठवड्यात घरातला प्रत्येक टॉवेल, प्रत्येक फडकं कडक इस्त्रीचं झालं, कारण टेबल मोकळं दिसलं की मी काहीतरी आणून त्यावर पसरायची. नवरा म्हणाला, "राजद्रोहावर इस्त्री करणारी तू जगातली पहिलीच."

मग पत्र आलं. केंद्राच्या चौकशी अधिकाऱ्यांपुढे वहीसह हजर राहावं, नोंद स्वतः वाचून दाखवावी आणि ती खरी असल्याचं शपथेवर सांगावं. तारीख पुढच्या मंगळवारची. औषधवाल्यांना वीस वर्षं होणार की सुटका, ते त्या वाचनावर होतं. सत्तरीच्या माणसाला वीस वर्षं म्हणजे काय ते आकडेमोड न करताही कळतं.

शनिवारी सकाळी वकीलसाहेब स्वतः आमच्याकडे आले. खाली गाडी उभी, गाडीपाशी दोघे. ते एकटेच वर आले, पेस्ट्रीचा डबा घेऊन. बारीक केलेल्या मिशा, स्वच्छ नखं. गुडघे जुळवून आमच्या सोफ्यावर असे बसले जसे लहानपणापासून तिथेच बसतायत.

"बाई, तुम्ही मला ओळखत नसाल," ते वन्संना म्हणाले. "पण माझी सगळी भाषणं तुमच्याच हातातून गेलीत. मी जितकं शुद्ध बोललो नसेन तितकं तुम्ही लिहिलंत."

"तुम्ही जसं बोललात तसंच लिहिलं मी, साहेब."

"तेच म्हणतो. सव्वीस वर्षांत एक दुरुस्ती नाही. अशी कारकीर्द शेवटाला डागाळू नये, एवढंच वाटतं." मग माझ्याकडे वळून, "चहा फार छान आहे. यजमान पोस्टात ना?"

"हो."

"सीमेवरच्या पोस्टात माणसं कमी पडतायत म्हणे. चांगली माणसं पाठवायची म्हणतात. मी म्हटलं, अहो, संसारी माणसांना कशाला तिकडे पाठवता. पण माझं कितपत चालतं." ते हसले. "ती वही बघायला मिळेल का? कुतूहल म्हणून."

मला वाटलं वन्सं नाही म्हणतील. त्या उठल्या, इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या, माझ्या घडी केलेल्या उशांच्या खोळी बाजूला ठेवल्या आणि वही आणून त्यांच्या हातात दिली. पान उघडूनच दिली. वकीलसाहेब त्या रेघांकडे बघत राहिले. बराच वेळ. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. भीती फक्त आम्हालाच नाही, हे मला त्या कानांवरून कळलं, आणि त्याने माझी भीती वाढलीच.

"यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, साहेब. यात नावं नसतात. फक्त आकडे."

"मग ठीक आहे." त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली, अगदी कडेला कड लावून. "आकडे तसेच राहू द्या."

ते गेल्यावर पेस्ट्रीचा डबा कोणी उघडला नाही. संध्याकाळी नवरा आला, मी सगळं सांगितलं, आणि मग भावाबहिणीत जे झालं ते मी दोन खोल्यांपलीकडून ऐकलं.

"ताई, तुला काही बोलायची गरजच नाही. वाच आणि ये. लिहिलंय तेच वाचायचं. ते खोटं कसं?"

"बाळ्या, लिहिलंय तेच चुकीचं आहे."

"ते तुला माहीत. कागदाला नाही."

"मी लिहिलं ना पण."

"अगं, म्हाताऱ्याने स्वतः जागा दिली! आपली जागा धरून बसला असता तर ही वेळ आली नसती. आणि सीमेवर मी गेलो तर? इथे ही एकटी, तू एकटी, खाली गाड्या..."

वन्सं म्हणाल्या, "मलाही भीती वाटते रे. तुला काय वाटतं, मी झोपते?"

मीही नवऱ्याच्याच बाजूची होते, खरं सांगायचं तर. दोन दिवस मी वन्संना समजावलं, आडून आडून, भाज्या चिरताना, चादरी बदलताना. औषधवाल्यांच्या वयाचं सांगितलं, कदाचित दया करतील म्हटलं. त्या ऐकून घेत. शब्द न शब्द लक्षात ठेवत असतील, याची मला लाज वाटायची, पण मी बोलत राहायची.

मंगळवारी मी बरोबर गेले. चौकशीचं कार्यालय एका शाळेत थाटलं होतं. शाळा बंद. वर्गातली छोटी बाकं तशीच होती, त्यामुळे सगळी मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली, आणि एरवी हसू आलं असतं. फळ्यावर कुणीतरी लिहिलेली बेरीज पुसायची राहिली होती. अधिकारी मास्तरांच्या टेबलामागे, सर्दीने बेजार, रुमाल हातातच. बाजूच्या खुर्चीत वकीलसाहेब. औषधवाल्यांना दोघांनी धरून आणलं आणि भिंतीपाशी बसवलं. त्यांचा चष्मा नव्हता, त्यामुळे ते सगळीकडे डोळे बारीक करून बघत होते. त्यांना आम्ही दिसलो की नाही कुणास ठाऊक.

अधिकारी म्हणाले, "बाई, फक्त अनुमोदनाचं वाक्य वाचा."

वन्सं उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "साहेब, माझी पाळी दहा मिनिटांची असते. वाचते तेव्हा पूर्ण वाचते. मधलंच वाक्य मला वाचता येत नाही, आधीच्या ओघात लागतं."

ते खोटं होतं. वन्सं कुठूनही वाचू शकतात. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि हात हलवला. वाचा.

त्या वाचू लागल्या. आकडा, मग बोलणं. आकडा, मग बोलणं. सभेत ओरडाओरड झाली तिथे "गोंधळ" असं म्हणायच्या, त्याच सुरात. बाकांवर बसलेल्यांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. वकीलसाहेबांचं होतं.

"बेचाळीस," वन्सं म्हणाल्या. "अध्यक्षमहाराज, माझ्या दुधाच्या अकरा गाड्या सकाळपासून पुलावर उभ्या आहेत. दूध नासतंय. आधी त्या सोडवा, मग वेगळं व्हायचं ते व्हा."

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. अधिकाऱ्यांनी समोरचा तक्ता जवळ ओढला. बोट ठेवून बघितलं. मग वकीलसाहेबांकडे बघून, खरोखरच न कळल्यासारखं विचारलं, "तुमच्या दुधाच्या गाड्या आहेत?"

वर्गात बाहेरच्या पहारेकऱ्याच्या बुटाखालची वाळू ऐकू आली. वकीलसाहेब म्हणाले, "बाईंची लिहिण्यात काही चूक झालेली दिसते."

"होय," वन्सं म्हणाल्या. "चूकच झाली. ती रांग त्या दिवशी एका खुर्चीने सरकली होती. मी आकडा बघितला, माणूस बघितला नाही." आणि त्यांनी पुढे वाचलं. "एकेचाळीस. माझं अनुमोदन आहे. घ्या नोंदवून." वही मिटली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग एकेचाळीसवर कोण बसलं होतं?"

समोर तो माणूस बसलेला, दोन हातांच्या अंतरावर. वन्संनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी बघितलं नाही, म्हणून मी सांगू शकत नाही. औषधवाले नव्हते, हेही मी बघितलेलं नाही. पण माझ्या आकड्यावरून तुम्हाला कुणालाच तुरुंगात घालता येणार नाही, एवढं मी शपथेवर सांगते."

नाव घेतलं नाही ते सचोटीमुळे की भीतीमुळे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही असेल.

अधिकारी खुर्चीत मागे रेलले. थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, म्हणजे तुमच्या सव्वीस वर्षांच्या प्रत्येक कागदावर आता कोणीही बोट ठेवू शकतं. कळतंय ना?"

"कळतंय," वन्सं म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला.

वही त्यांनी ठेवून घेतली. आम्ही पायी घरी आलो. ट्राम चालू होती, पण दोघींपैकी कुणालाही अनोळखी माणसाच्या शेजारी बसवेना.

पुढचे अठरा दिवस खाली एक राखाडी गाडी उभी असायची. कधी आत माणूस, कधी नाही. रिकामी असली की जास्त भीती वाटायची, कारण मग तो माणूस कुठे आहे हा प्रश्न उरायचा. आम्ही बूट काढून घरात चालायचो, का कुणास ठाऊक. नवऱ्याची बदली झाली, सीमेवरच, जशी सांगितली होती तशीच. बॅग भरताना तो ताईशी फार बोलला नाही. पण निघताना तिच्या खोलीच्या दाराची कडी ढिली होती ती घट्ट करून गेला. वन्संना कामावरून काढल्याचं पत्र आलं, दोन ओळींचं. वकीलसाहेब सल्लागार मंडळात तसेच राहिले. त्यांचं भाषण रेडिओवर लागलं की मी आवाज कमी करायची, बंद करायला धजत नव्हते. बंद केलेलं कुणाला कळलं तर?

एकोणिसाव्या दिवशी औषधवाल्यांना सोडलं. निर्दोष म्हणून नव्हे. प्रकृतीच्या कारणावरून, चौकशी प्रलंबित ठेवून. दर सोमवारी सकाळी दहाला त्याच शाळेत हजेरी द्यायची.

ते आमच्याकडे आले ते शनिवारी. फार वाळले होते. चष्मा नवा होता, नाकावरून घसरत होता. वन्संच्या समोर बसले, बराच वेळ टोपी फिरवत राहिले.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. नऊ वर्षं मी तुमच्या अगदी समोर बसायचो. एकदाही बघितलं नाहीत?"

"नाही हो."

"मी बघायचो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं तिथे. लिहिताना तुमची जीभ बाहेर येते."

वन्सं आयुष्यात पहिल्यांदा लाजलेल्या मी पाहिल्या. औषधवाले हसले, आणि मग पुन्हा टोपी फिरवायला लागले. म्हणाले, "सोमवारी जायचंय. मुलीला नेत नाही, तिचं नाव तिथल्या वहीत यायला नको. पण एकट्याने त्या फाटकातून आत जायला माझे पाय उचलत नाहीत. तुमचं नाव तर आलेलंच आहे..."

"मी येते," वन्सं म्हणाल्या.

तेव्हापासून दर सोमवारी ते दोघं जातात. साडेनऊला खालून हाक येते, वन्सं स्कार्फ बांधतात आणि जातात. आत शिरल्यावर सही करायची, शिक्का घ्यायचा, बाहेर यायचं. साडेअकरापर्यंत परत. औषधवाल्यांची मुलगी तिच्या खिडकीत आणि मी माझ्या, मधे रस्ता. आम्ही एकमेकींना हात करत नाही.

गेल्या सोमवारी साडेअकरा झाले, बारा झाले. एकला मुलीने खिडकी उघडली. माझी उघडीच होती. गॅसवर बटाटे ठेवले होते ते मी विसरले, वास आला तरी हलले नाही, कारण कोपऱ्यावरून नजर काढली आणि नेमक्या त्याच क्षणी ते आले नाहीत तर, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. राखाडी गाडी त्या दिवशी नव्हती. ती कुठे गेली असेल याचा मी विचार करत होते, आणि करायचा नाही असं ठरवत होते.

पावणेदोनला ते दिसले. औषधवाले पुढे, वन्सं दोन पावलं मागे, पाय ओढत. वर आल्यावर वन्सं दारातच म्हणाल्या, "शिक्कावाला जेवायला गेला होता. दोन तास. बसा म्हणाला, बसलो. काय जळतंय?"

मी भांडं नळाखाली धरलं. पाणी सगळीकडे उडालं. वन्संनी ते भांडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि चमच्याने तळ खरवडू लागल्या. खरवडता खरवडता म्हणाल्या, "पुढच्या वेळी उशीर झाला तर तू जेवून घे. थांबू नकोस."

"बरं," मी म्हटलं.

परवा सोमवार आहे.